विजापूर : मावळतीकडून उगवतीकडे

सोलापूरकडून विजापुरास जाणाऱ्या प्रवाशाला शहर दृष्टिपथात येण्यापूर्वीच गोलघुमट दिसू लागतो. आणि तो एकदा दिसला म्हणजे उतरल्याबरोबर प्रथम तिकडेच धाव घ्यावी, वरच्या सज्जात उभे राहून आपल्याच हाकेचे पडसाद ऐकावेत, मग टांगा करून मुलूखमैदान तोफ पाहावी आणि संध्याकाळची गाडी गाठावी, असा बहुतेकांचा परिपाठ असतो. या परिपाठाने विजापूर पाहून होते, परंतु जवळजवळ दोनशे वर्षे दक्षिणेच्या राजकारणाची सूत्रे हलविणाऱ्या आणि ज्याच्या दफ्तरात, लष्करात व दरबारात मराठ्यांच्या पिढ्यान् पिढ्या घडल्या अशा एका राजधानीची ओळख म्हणून जी काही व्हावी, ती मात्र होत नाही. म्हणून ज्याला ती करून घ्यावयाची असेल त्याने गोलघुमटाकडे पाठ फिरवून थेट शहराच्या पश्चिम तटाबाहेर जावे, इब्राहीम रोझ्यापासून आरंभ करावा आणि पायीच पूर्वेकडे यावे. सरळ रेषेत हे अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास भरते. परंतु वाटेत बुरूज चढायचे, बावड्या उतरायच्या आणि किल्ल्यात रेंगाळायचे म्हटले तर सूर्योदयाला निघालेल्या माणसाला दिवस पुरत नाही.

इब्राहीम रोझा ही दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाची समाधी. मूळ संकल्प त्याच्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी होता. पण शहा १६२७ मध्ये वारला आणि राजकुटुंबातील इतर मंडळींसह त्याच वास्तूत विसावला. एका उंच चौथऱ्यावर समाधी आणि मशीद समोरासमोर उभ्या आहेत, मध्ये कारंज्याचा हौद आहे, आणि दोहोंच्या मनोऱ्यांची, कमानींची व छज्जांची प्रमाणे इतकी परस्परसापेक्ष आहेत की एकीवाचून दुसरीची कल्पनाच करवत नाही. मलिक संदल नावाच्या अधिकाऱ्याने हे काम पुरे केले व त्यास सुमारे दीड लक्ष होन लागले, अशी नोंद तेथील लेखातच आहे. पाहणाऱ्याने घाई करू नये. समाधिगृहाच्या भिंतींवरील खिडक्यांपाशी हाताच्या अंतरावर उभे राहावे, म्हणजे लांबून जी नुसती जाळी वाटते ती वास्तविक अरबी अक्षरांची ओळ आहे, दगडाचा पत्रा अक्षराभोवती कोरून काढून अक्षरांच्या मधल्या पोकळीतूनच आत उजेड घेतलेला आहे, हे ध्यानात येते. आत गेल्यावर मान वर करावी. सुमारे चाळीस फूट लांबरुंद दालनाचे छत मध्यभागी अगदी सपाट आहे, खाली खांब नाही, तुळई नाही. दगडी फरश्या एकमेकींना बिलगून अधांतरी राहिलेल्या दिसतात. चुना कोणत्या प्रतीचा होता आणि तो भरणाऱ्या हातांना आपल्या कामाविषयी केवढी निश्चिती होती, याची साक्ष ते छत साडेतीनशेहून अधिक वर्षे देत आले आहे. गोलघुमट भव्य आहे, यात वाद नाही. पण विजापूरची कला ज्या ठिकाणी पूर्णत्वास पोहोचली ते ठिकाण हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या इब्राहीमाविषयी मराठी वाचकाला विशेष आस्था वाटावी अशी कारणे आहेत. नवव्या वर्षी तो तख्तावर आला, आणि त्यानंतर राज्याचा कारभार पाहणारी त्याची चुलती चांदबिबी हिला किश्वरखान नावाच्या कारभाऱ्याने कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर धाडले. पुढे दरबारातील हबशी सरदारांनी उचल केली, किश्वरखान पळाला आणि चांदबिबी सन्मानाने परत आली. वयात आल्यावर या राजाने संगीताचा असा ध्यास घेतला की ‘किताब-इ-नवरस’ हा गेय पदांचा ग्रंथ त्याने दख्खनी भाषेत स्वतः रचला आणि त्यात सरस्वतीचे व गणपतीचे स्तवन केले. त्याची कित्येक फर्माने सरस्वतीच्या पूजेच्या उल्लेखाने सुरू होतात. प्रजा त्याला ‘जगद्गुरू’ म्हणे. इतिहासकार फिरिश्ता आणि कवी जुहुरी त्याच्याच आश्रयाला होते. १५९९ मध्ये त्याने शहराच्या पश्चिमेस तोरवीच्या बाजूला नवरसपूर नावाची नवी नगरी वसविण्यास प्रारंभ केला. पण १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मोगल व विजापूरकर या दोघांच्या संयुक्त फौजांचा मोड केल्यावर मलिक अंबर थेट विजापुरावर चालून आला आणि त्याने ती अर्धवट नगरी लुटून उजाड केली. त्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढलेल्या सरदारांमध्ये शहाजी राजे होते. रोझ्याच्या चौथऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे नजर टाकली म्हणजे हा सारा प्रदेश समोर पसरलेला असतो.

तेथून पूर्वेकडे वळून तटाच्या आत यावे. हा तट पहिल्या अली आदिलशहाने बांधविला, आणि त्याची हकीकत १५६५ च्या जानेवारीत तालीकोटच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या संग्रामाशी निगडित आहे. कारण विजयनगरच्या रामरायाचा शिरच्छेद होऊन त्या राज्याची जी अपरिमित संपत्ती विजेत्यांच्या हाती पडली, तिच्यातूनच विजापूरच्या बांधकामांना उधाण आले. सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट, त्याला शंभराच्या आतबाहेर बुरूज, बाहेर खोल खंदक आणि पाच मुख्य दरवाजे, अशी ही रचना. प्रत्येक सरदाराने आपापला हिस्सा बांधून द्यावा अशी वाटणी झाली होती, असे सांगतात. आणि तटावरून थोडे चालले की एका बुरुजाची घडण दुसऱ्याशी मिळत नाही हे पाहून त्या सांगण्यावर विश्वास बसतो.

मक्का दरवाजाजवळच ताज बावडी आहे. १६२० च्या सुमाराची ही बावडी नावाने विहीर असली तरी प्रत्यक्षात दोनशेहून अधिक फूट लांबरुंद असा चौकोनी तलावच आहे. रस्त्याच्या अंगाला अष्टकोनी मनोऱ्यांच्या मध्ये भव्य कमान, आणि कमानीतून खाली उतरत गेलेल्या पायऱ्या. विजापूरच्या भूमीवर पाऊस बेताचा; लाखोंची वस्ती तेथे नांदवायची तर पाणी हाच राज्याचा पहिला प्रश्न होता, आणि आदिलशाहीने तो ज्या जिद्दीने सोडविला त्याचे वर्णन स्वतंत्र लेखाला पुरेल. तोरवीकडून भुयारी नळाने पाणी आणले होते; महंमद आदिलशहाच्या काळी, १६५१ मध्ये, दक्षिणेस बेगम तलाव बांधून तेथून मातीच्या नळांनी ते शहरभर खेळविले होते. नळांतील पाण्याचा जोर मोडावा व गाळ खाली बसावा म्हणून ठिकठिकाणी उंच दगडी उच्छ्वास उभारले होते. त्यांना तेथे ‘गंज’ म्हणतात. आजही शहरातून चालताना असे चौकोनी, दार-खिडकी नसलेले मनोरे मध्येच भेटतात आणि अजाण पाहुणा त्यांना थडगी समजून पुढे जातो. बेगम तलावाचे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले तो अफजलखान; आठच वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्याचा अंत झाला.

तटाच्या कडेने उत्तरेस गेल्यावर शेरझा बुरूज लागतो व त्यावर मुलूखमैदान तोफ. आमच्या बखरींतून आणि बोलण्यातून हिचे नाव इतके रुळले आहे की ती विजापुरचीच असे सर्वांना वाटते. वास्तविक ती १५४९ मध्ये अहमदनगरास महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ओतली, ती निजामशाहीची, आणि परांड्याच्या किल्ल्यावर असता निजामशाहीच्या पडत्या काळात, १६३२ मध्ये, मुरार जगदेव या विजापूरच्या ब्राह्मण मुत्सद्द्याने ती येथे आणविली. लांबी साडेचौदा फुटांच्या आतबाहेर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी जाऊन बसावे. सिंहासारख्या एका विक्राळ प्राण्याच्या जबड्यातून ही तोफ आग ओकत असे, आणि त्याच्या दाढांच्या मध्ये एक हत्ती चिरडला जात आहे असे शिल्प दोन्ही बाजूंस आहे. हत्तीचा इवलासा देह, वर उचललेली सोंड आणि त्या प्राण्याचे ताणलेले ओठ यांवरून बोट फिरविता येते. धातू इतका गुळगुळीत आहे की ऐन उन्हाळ्यातही तो गार लागतो, असे तेथील लोक सांगतात. अंगावर दोन काळांचे लेख आहेत : एक ओतकाराच्या वेळचा, दुसरा औरंगजेबाने विजापूर जिंकल्यावर कोरविलेला. १८५४ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर, इंग्रज अमलदारांनी निरुपयोगी जिनसांच्या लिलावात ही तोफही काढली आणि तिला दीडशे रुपयांची बोली आली. लोक तिला फार मानतात आणि किंमतही फार थोडी येते, असे वाटून लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळविले, म्हणून ती वितळण्यापासून वाचली. त्या अज्ञात अमलदाराचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

जवळच्या उपळी बुरुजावर चढले म्हणजे चहूंकडचे शहर एका दृष्टिक्षेपात येते. १५८४ मध्ये हैदरखानाने बांधलेला हा बुरूज तटाच्या आत, स्वतंत्र आणि सुमारे ऐंशी फूट उंच आहे. बाहेरून वळत गेलेल्या जिन्याने वर जावे, लांबच लांब तोफ पाहावी, आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. समोर अर्ककिल्ला, त्यापलीकडे जामा मशिदीचा घुमट, क्षितिजाला टेकलेला गोलघुमट. उरलेली वाट येथूनच मनाशी आखून घ्यावी.

अर्ककिल्ला म्हणजे राजधानीचे हृदय. १४९० च्या सुमारास बहमनी राज्य मोडकळीस आले आणि विजापूरच्या सुभ्यावर असलेल्या युसूफ आदिलखानाने स्वतंत्र कारभार सुरू केला, तेव्हा त्याची सत्ता या मातीच्या गढीभोवतीच बहरली. पण गाव त्याच्याही पूर्वीचे. चालुक्यांच्या काळी ते विजयपूर म्हणून ओळखले जाई. आणि किल्ल्याच्या प्रवेशालगतची करीमुद्दीनाची मशीद, जी १३२० ची आहे, ती तर पूर्वीच्या देवळांच्या खांबांवरच उभी आहे. तिच्यावरील लेखात साळोटगीच्या रेवय्या नामक सुताराने ती बांधल्याची नोंद आहे. जुन्या पराभवाच्या खुणा आणि जुन्या कारागिरांची परंपरा एकाच खांबावर दिसावी, असे स्थळ विरळा. तसेच पुढे खंदकाच्या काठी पिंपळाखाली नरसोबाचे देऊळ आहे. दत्तभक्तांचा तेथे राबता असतो, आणि इब्राहीम आदिलशहाची या स्थानावर श्रद्धा होती ही आख्यायिका तेथे अजून श्रद्धेने सांगितली जाते. नरसोबाच्या वाडीचे यात्रेकरू तिच्याशी आपल्याकडची, औरवाड-गौरवाड या इनाम गावांची कथा जोडतात.

युसूफाचे लग्न मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी झाले होते, असे फिरिश्ता सांगतो. तिचाच मुलगा इस्माईल पुढे तख्तावर बसला. म्हणजे या घराण्याच्या दुसऱ्या पिढीपासूनच मराठी रक्ताचा अंश राजवाड्यात आहे. परंतु रक्तापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पहिल्या इब्राहीमाची आज्ञा. १५३५ च्या सुमारास गादीवर येताच त्याने परदेशी अमीर-उमरावांना दूर सारून दख्खन्यांना जवळ केले आणि जमाबंदीचे हिशेब फारसीऐवजी देशभाषेत ठेवण्याचा हुकूम दिला. हा एका लेखणीचा फटकारा होता, पण त्यामुळे सरकारी दफ्तर ब्राह्मण कारकुनांच्या हाती गेले. महसुलाचे मर्म, गावकीचा व्यवहार, देशमुख-देशपांड्यांचे हक्क, कुळकर्ण्यांचे ठराव हे सारे मराठीत लिहिले जाऊ लागले. आदिलशाहीची कित्येक फर्माने वर फारसी, खाली मराठी अशी दुहेरी निघत. शंभर वर्षांनी स्वराज्याची घडी बसविताना कारभार जाणणारी माणसे जी सहज मिळाली, ती या दफ्तरखान्याच्या दारातून बाहेर पडली होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, आणि तेवढे फारसी शब्द मराठी कारभारात शिरले होते याला कारणही हेच दफ्तर.

किल्ल्यात गगनमहालापाशी थांबावे. १५६१ मधला हा दरबारी सज्जा. मधल्या कमानीचा गाळा साठ फुटांहून मोठा, दोन्ही बाजूंच्या कमानी तितक्याच उंच पण अरुंद. वरची मजल्यांची लाकडी रचना नाहीशी झाली, छप्पर गेले, कमानी राहिल्या. समोर मोकळे पटांगण आहे. तेथे जमलेल्या फौजेची हजिरी शहा वरच्या सज्जातून घेत असे, असे धरून चालावयास हरकत नाही. जवळच साताळी महालाचे अवशेष आणि त्याच्या पुढ्यातील नाजूक जलमंदिर. उत्तरेकडे थोडे बाजूला बारा कमान : दुसऱ्या अली आदिलशहाने बापाच्या घुमटाची बरोबरी करील अशी समाधी आरंभिली, पण काळ्या दगडाच्या कमानी वर चढल्या आणि १६७२ मध्ये तो वारला. त्याच्या सोळा वर्षांच्या कारकीर्दीत अफजलखान गेला, पन्हाळगडचा वेढा पडला, सिद्दी जौहराचे नाव उजळले आणि बुडाले. त्याच्या दरबारचा कवी नुसरती याने त्या धामधुमीचे वर्णन ‘अलीनामा’त केले आहे. या अर्धवट कमानींखाली फिरताना स्वराज्याच्या उदयाचा दुसऱ्या अंगाचा इतिहास मनाशी जुळवून पाहता येतो. आपल्याकडे तो आपल्या अंगानेच अधिक वाचला जातो.

किल्ल्याच्या पूर्वेस, खंदकापलीकडे, आसारमहाल. महंमद आदिलशहाने हा दादमहाल, म्हणजे न्यायसभा, म्हणून १६४६ च्या सुमारास बांधविला. पुढे पैगंबरसाहेबांचे केस येथे ठेवण्यात आले म्हणून त्याला हे नाव पडले. समोर हौद, आणि त्या बाजूने पूर्ण उघडे असलेले दालन. छत पेलणारे चार प्रचंड सागवानी स्तंभ अजून धडधाकट आहेत. वरच्या दालनांत भिंतींवर रंगचित्रे होती. राजधानी जिंकल्यानंतर औरंगजेबाने राजवाड्यांतील मनुष्याकृती पुसून टाकविल्या, तेव्हा ज्या देखाव्यांचे चेहरे गेले, त्यांची उरलेली पाने-फुले येथे अस्पष्ट दिसतात. येथील ग्रंथसंग्रह एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनला गेला.

जामा मशीद तेथून दक्षिणेस. तिला तोरण-नक्षीचा हव्यास नाही. एकावर एक येणाऱ्या कमानींच्या ओळीतून येणारी शांत विशालता हेच तिचे सौंदर्य. पहिल्या अलीने ती आरंभिली. सोन्याने झळाळणारी मिहराब १६३६ मध्ये दाभोळच्या याकूत नावाच्या कारागिराकडून महंमद शहाने करविली. कोकणातील बंदरावरच्या मनुष्याचे हस्तकौशल्य आदिलशाहीच्या सर्वश्रेष्ठ प्रार्थनास्थळात असावे, ही गोष्ट मराठी पाहुण्याने विसरू नये. फरसबंदीवर नमाजाच्या जागांची २२५० घरे आखलेली आहेत. ती औरंगजेबाच्या वेळची असे मानतात.

आता गोलघुमट. महंमद आदिलशहाची कारकीर्द, १६२७ ते १६५६, ही राज्याच्या विस्ताराची परमावधी. १६३६ मध्ये शहाजहानशी तह करून त्याने उत्तरेचे भय टाळले, निजामशाहीचा वाटा उचलला, आणि शहाजी राजांसह आपले सरदार कर्नाटकात उतरविले. घुमटाचा आतील व्यास सव्वाशे फुटांच्या जवळपास असून त्याखाली १८,००० चौरस फुटांहून मोठे दालन आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. चौकोनी खोलीवर वर्तुळाकार घुमट बसविण्याची युक्ती पाहण्यासारखी आहे : भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदून वर एक अष्टकोन बनवितात, त्यांचा भार आतल्या बाजूला झुकतो, आणि घुमटाचा बाहेर रेटणारा जोर त्या भाराने थोपविला जातो. सज्जात चढून जावे ते सकाळीच. मुलांची गर्दी जमली की पडसादांचा गोंगाट होतो आणि एका टोकाची कुजबूज दुसऱ्या टोकाला स्पष्ट ऐकू येते हा चमत्कार अनुभवास येत नाही. बाहेरच्या चारी मनोऱ्यांतून सात मजल्यांचे जिने वर जातात. कित्येक भागांचा गिलावा व सजावट पुरी झाली नाही. शहा गेला आणि काम थांबले.

आजोबाच्या पिढीचे हे ऐश्वर्य नातवाच्या पिढीला पेलले नाही. चार वर्षांचा शिकंदर १६७२ मध्ये गादीवर बसला, आणि अफगाण, हबशी व दख्खनी सरदारांच्या कलहात त्याचे बालपण गेले. १६८५ च्या एप्रिलात मोगलांनी शहरास वेढा घातला. त्या वेढ्यात संभाजी महाराजांची कुमक विजापूरच्या बाजूने होती. ज्या दरबाराशी बापाने आयुष्यभर झुंज घेतली त्याच दरबाराच्या रक्षणार्थ मुलाने फौज धाडली, इतकी दक्षिणेची दिशा आता पालटली होती. १६८६ च्या जुलैत औरंगजेब स्वतः छावणीत आला. दाणा संपला, खंदक भरत चालला, आत दोन हजारांच्या आसपास शिबंदी उरली, मोठे सरदार जाऊन मिळाले. १२ सप्टेंबर १६८६ रोजी अठरा वर्षांच्या शिकंदराने किल्ल्याबाहेर येऊन रसूलपूरच्या छावणीत शरणागती पत्करली. बादशहा मंगोळी दरवाज्याने शहरात शिरला, आणि तो दरवाजा फत्ते दरवाजा झाला. दोन वर्षांत प्लेगची साथ आली, आणि बादशहाच्या एका बेगमेसह असंख्य माणसे गेली.

पुढे १७६० मध्ये निजामाकडून विजापूर पेशव्यांकडे आले, १८१८ नंतर सातारच्या छत्रपतींकडे आणि १८४८ नंतर इंग्रजांकडे. शरणागतीनंतर शिकंदर मात्र दौलताबाद व मोगल छावण्यांत कैदी म्हणून फिरत राहिला होता. साताऱ्याच्या वेढ्यात, १७०० च्या एप्रिलात, तो बत्तीस वर्षांचा असताना वारला, आणि त्याच महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती आला. शेवटच्या इच्छेप्रमाणे त्याचे शव विजापुरास आणून शेख फहीमुल्ला या त्याच्या गुरूच्या थडग्याच्या पायथ्याशी पुरण्यात आले. पूर्वजांच्या घुमटांशेजारी शेवटच्या आदिलशहाच्या कबरीवर मात्र छप्पर नाही.